टर्कीनंतरचे दिवस

१९५५ साली रंगूनमध्ये सत्यनारायण गोएंका नावाचे एकतीस वर्षांचे एक व्यापारी सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले. त्यांना अर्धशिशीचा अतितीव्र विकार होता. वेदना असह्य झाली की डॉक्टर मॉर्फिनचे इंजेक्शन देत. पुढे त्याच डॉक्टरांनी त्यांना सावध केले की हे असेच चालू राहिले तर अर्धशिशी बाजूला राहील आणि मॉर्फिनचेच व्यसन लागेल. युरोप, अमेरिका, जपान असे देश पालथे घालूनही उपाय सापडला नव्हता. ऊ बा खिन हे ब्रह्मदेश सरकारचे महालेखापाल. कचेरीचे काम सांभाळून ते विपश्यना शिकवीत. हा गृहस्थ केवळ डोकेदुखी घालवण्यासाठी आला आहे हे कळताच त्यांनी त्याला चक्क नकार दिला. शरीराच्या व्याधीवरचा इलाज म्हणून ही साधना देणे म्हणजे तिचे मोल कमी करणे, असे त्यांचे म्हणणे होते. चित्तशुद्धीसाठी यायचे असेल तर यावे. व्याधी गेली तर तो वरचा लाभ समजावा. गोएंकांनी ही अट मान्य केली आणि ते दहा दिवस बसले. ही कथा पुढे त्यांनी स्वतःच अनेकदा सांगितली आहे.

इगतपुरीच्या इतिहासात आम्हांला ही कथा मोलाची वाटते, ती त्यातल्या चमत्कारासाठी नव्हे. जुलै १९६९ मध्ये गोएंकांनी मुंबईत भारतातले पहिले शिबिर घेतले आणि १९७६ पासून इगतपुरीच्या टेकडीवर, धम्मगिरीवर, शिबिरे भरू लागली. या परंपरेच्या उगमाशी अफूच्याच कुळातले एक औषध आणि एक नकार आहे. मॉर्फिन हा अफूचा अर्क. १८७४ साली लंडनमध्ये सी. आर. ऑल्डर राइट यांनी त्यावर प्रक्रिया करून प्रथम जो पदार्थ बनवला, त्यालाच १८९८ मध्ये बायर कंपनीने 'हेरॉइन' या नावाने बाजारात आणले. आणि नकाराचा अर्थ असा की, जे सोडायचे आहे त्याच्यावरच डोळा ठेवून बसलेल्या माणसाला सोडण्याची विद्या शिकवणे कठीण असते. हेरॉइन सुटल्यानंतर ते सुटलेलेच कसे राहील, या प्रश्नाची गेल्या पाऊणशे वर्षांतली निरनिराळ्या देशांतली उत्तरे चाळली, तर हाच विचार वेगवेगळ्या वेषांत भेटत राहतो.

मराठीत हेरॉइनला 'गर्द' हा शब्द रुळला. फार्सीत गर्द म्हणजे धूळ, भुकटी. आपल्याकडे त्याच रूपाचा शब्द राईला आणि सावलीला लागतो. गर्द झाडी म्हणणाऱ्या भाषेत १९८० च्या सुमारास त्या शब्दाला हा दुसरा, राखाडी अर्थ चिकटला. १९७९ नंतर इराणमधली क्रांती आणि अफगाणिस्तानातले युद्ध यांमुळे त्या भागातले हेरॉइनचे व्यापारमार्ग बदलले आणि अशुद्ध, तपकिरी हेरॉइन, म्हणजे ब्राउन शुगर, पाकिस्तानमार्गे मुंबईत पोहोचले. चांदीच्या कागदावर, 'पन्नी'वर, ही पूड ठेवायची, खालून काडी किंवा मेणबत्ती धरायची आणि धूर ओढायचा. पुडी स्वस्त होती, सुई लागत नव्हती, तोंडाला वास येत नव्हता. आईवडिलांना पत्ता लागेपर्यंत घरातली भांडी विकली गेलेली असत. अशा मुलांना 'गर्दुल्ला' म्हणण्याची रीत पडली. या शब्दाच्या शेवटच्या दोन अक्षरांत समाजाने जेवढा तिरस्कार कोंबला आहे, तेवढा एखाद्या परिच्छेदातही मावला नसता. १४ नोव्हेंबर १९८५ पासून अमली पदार्थांविषयीचा नवा कायदा अमलात आला. त्यात शिक्षा कठोर होत्या. सुटलेल्या माणसाने पुढे जगायचे कसे, हे सांगणे कायद्याचे काम नव्हतेच.

गर्द बंद केल्यावर पहिले काही दिवस जे होते, त्याला या मुलांच्या भाषेत 'टर्की' म्हणतात. हातपाय फुटून येतात, नाकाडोळ्यांतून पाणी गळते, उलट्या, जुलाब, अंगावर काटा, झोपेचा पत्ता नाही. हे भयंकर असते, पण ते आठवड्या-दहा दिवसांत ओसरते, आणि औषधे दिली तर बरेच सुसह्य होते. मराठी मनाला व्यसनमुक्तीची जी कथा ठाऊक असते, ती बहुधा इथेच संपते. टर्की सोसली, मुलगा सुटला, आईने देवापुढे साखर ठेवली. 'व्यसनमुक्त' हा शब्दच मुळी भूतकाळवाचक धातुसाधित आहे. काम पुरे झाल्याची द्वाही त्यात आहे. प्रत्यक्षात मात्र ज्याला उपचार म्हणतात त्याचा हा सर्वांत सोपा भाग होय.

हे अमेरिकेत फार पूर्वी, आणि फार खर्च करून, कळून चुकले होते. केंटकी राज्यातल्या लेक्सिंग्टन येथे १९३५ मध्ये सरकारने एक प्रचंड संस्था उघडली. ती अर्धी रुग्णालय आणि अर्धी तुरुंग होती. शेती, गोठा, मोकळी हवा, शहरापासून दूर. कल्पना आपल्याकडच्या हवापालटासारखीच. तिथे येणाऱ्यांचे अंग साफ होई, वजन वाढे, चेहरा उजळे. मग ते न्यूयॉर्कला परतत, आणि बहुतेक सर्व जण पुन्हा हेरॉइन घेऊ लागत. एब्राहम विक्लर या तिथल्या संशोधकाने १९४० च्या दशकातच एक निरीक्षण नोंदवले होते. कित्येक महिने शरीरात कणभरही अफू नसलेल्या माणसाला जुन्या वस्तीत पाऊल टाकताच टर्कीची लक्षणे जाणवू शकतात. शरीर विसरलेले असते. गल्ली विसरलेली नसते. मुंबईच्या मुलाच्या बाबतीत ती गल्ली म्हणजे एखाद्या स्टेशनाबाहेरचा पूल, एखादे पानाचे दुकान किंवा सिगारेटच्या पाकिटातला चांदीचा कागदसुद्धा असू शकतो.

लेक्सिंग्टनचा खरा उपयोग उशिरा झाला. जॉर्ज व्हेलंट या मानसोपचारतज्ज्ञाने १९५२ च्या सुमारास तिथे दाखल झालेल्या न्यूयॉर्कच्या शंभर पुरुषांचा पुढची वीस वर्षे माग काढला. त्यांतले सुमारे एक-चतुर्थांश तोवर मेले होते आणि सुमारे एक-तृतीयांश स्थिरपणे मुक्त राहिले होते. जे टिकले ते रुग्णालयातल्या मुक्कामामुळे टिकले असे काही दिसेना. मग कशामुळे? व्हेलंटला त्यांच्या आयुष्यांत चार गोष्टी पुन्हापुन्हा आढळल्या. कुणाच्या मागे पॅरोलवरची दीर्घकाळाची नियमित देखरेख होती. कुणी हेरॉइनच्या जागी दुसरी एखादी सवय वसवली होती, आणि ती नेहमी चांगलीच होती असे नाही. कुणाला जुन्या अपराधांचे ओझे नसलेले नवे नाते मिळाले होते, म्हणजे ज्या माणसाला आपण कधी फसवलेले नाही असे माणूस. कुणी एखाद्या श्रद्धेच्या किंवा ध्येयाच्या गटात सामील झाले होते. या चारांपैकी एकही गोष्ट औषधाच्या बाटलीत भरता येत नाही. आणि चारही गोष्टी दारातून बाहेर पडल्यावर सुरू होतात.

याच काळातली दुसरी साक्ष व्हिएतनाममधून परतलेल्या सैनिकांची आहे. १९७१ मध्ये तिथल्या अमेरिकी सैनिकांत हेरॉइन इतके पसरले होते की जवळपास पाचांतला एक जण स्वतःला व्यसनी म्हणवीत होता. ली रॉबिन्स या संशोधिकेने त्यांना मायदेशी गाठले, तेव्हा व्यसनी झालेल्यांपैकी पहिल्या वर्षात पुन्हा व्यसनात सापडलेले फक्त सुमारे ५ टक्के निघाले, आणि तीन वर्षांतही सुमारे १२ टक्केच. त्यांतल्या बहुतेकांना कसलाही विशेष उपचार मिळालेला नव्हता. हा निष्कर्ष इतका अनपेक्षित होता की तो पुष्कळांना खराच वाटेना. लेक्सिंग्टनचा माणूस बरा होऊन आजाराच्या गल्लीत परतत होता. सैनिकाचा आजार समुद्रापलीकडे राहिला आणि घरी नोकरी, बायको, शेजार त्याची वाट पाहत होते. अर्थात यावरून 'गाव बदला म्हणजे झाले' असा सल्ला कुणी काढील, तर तो फसवा ठरेल. मुंबईच्या पोराला सहा महिने मामाकडे गावी पाठवणे हा आपल्याकडचा घरगुती उपाय अनेकांनी केला आहे. सातव्या महिन्यात तो त्याच लोकलने त्याच स्टेशनावर उतरतो.

इगतपुरीही मुंबईहून रेल्वेने सुमारे १३५ किलोमीटरच आहे. कसाऱ्याला गाडीच्या मागे बँकर इंजिने लागतात, सदतीसास एक असा चढ ती गाडीला ढकलत वर आणतात आणि इगतपुरीला सोडून देतात. दहा दिवसांचे शिबिरही काहीसे तसेच आहे. पहाटे चारला घंटा, मौन, दिवसाला दहा तासांच्या आसपास बैठक. पहिले साडेतीन दिवस केवळ श्वासाकडे लक्ष आणि मग अंगावरच्या संवेदनांचे निरीक्षण. खाज उठली, कळ आली, ऊब जाणवली, तरी हालायचे नाही, हवे-नको म्हणायचे नाही, ती उठते आणि जाते एवढे पाहायचे. गर्दच्या ओढीची ज्याला ओळख आहे त्याला या पद्धतीचा नेम कशावर आहे हे सांगावे लागत नाही. ओढ ही विचार म्हणून येण्याआधी पोटात, छातीत, तळहातांत येते, आणि तिला नकार देण्याऐवजी ती ओसरेपर्यंत नुसते पाहत बसता येते, हे तिथे शरीरालाच शिकवले जाते.

म्हणूनच व्यसनोपचार करणाऱ्यांचे लक्ष इकडे वळले. एप्रिल १९९४ मध्ये तिहार तुरुंगात हजाराहून अधिक कैद्यांचे शिबिर झाल्यावर ते अधिकच वळले. १९९० च्या दशकात झुरिकमधल्या 'स्टार्ट अगेन' या केंद्राने विपश्यनेला आपल्या उपचारक्रमात स्थान दिले. सिएटलजवळच्या एका तुरुंगात गोएंकांच्या परंपरेतली दहा दिवसांची शिबिरे झाली आणि अॅलन मार्लाट व सेरा बोवेन यांनी त्यांचा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध केला. सुटकेनंतर तीन महिन्यांनी, शिबिरात बसलेल्या कैद्यांचे दारू, गांजा आणि क्रॅक कोकेन यांचे सेवन इतरांच्या मानाने कमी आढळले. आम्हांला या अभ्यासाविषयी आदर आहे, पण तो वाचताना दोन गोष्टी नजरेआड करता येत नाहीत. शिबिरार्थी स्वतःहून आलेले होते, म्हणजे बदलायची तयारी त्यांच्यात आधीच होती. आणि तीन महिने हा हेरॉइनच्या हिशेबात फार थोडा काळ आहे. मार्लाटच्या चमूने पुढे शिबिराची जागा आठवड्यातून एकदा भरणाऱ्या गटाला दिली, हे आम्हांला अधिक अर्थपूर्ण वाटते. दहा दिवसांचे मौन जाऊन तिथे आठ आठवड्यांचे बोलणे आले. साधना तीच राहिली, पण ती माणसांच्या घोळक्यात परत आणावी लागली.

मराठीतला या विषयाचा मुख्य दस्तऐवज अर्थातच पुण्याचा आहे. अनिल अवचट यांनी गर्दच्या आहारी गेलेल्या मुलांवर जे लेखन केले, त्याचे 'गर्द' हे पुस्तक झाले. ते लेख वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे मदतीला पुढे आले. डॉ. अनिता (सुनंदा) अवचट येरवड्याच्या मनोरुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ होत्या. २९ ऑगस्ट १९८६ रोजी त्याच आवारात 'मुक्तांगण' सुरू झाले. वाङ्मयाच्या विद्यार्थ्यांनी यात एक गोष्ट लक्षात घ्यावी: रिपोर्ताज हा वाङ्मयप्रकार आपल्याकडे सहसा अस्वस्थता निर्माण करून थांबतो, इथे तो एका संस्थेचा पाया झाला. त्याआधी, १९८१ मध्ये, मुंबईत वांद्र्याला फादर जो परेरा यांनी 'कृपा'ची स्थापना केली होती आणि योगासनांची सांगड अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या पायऱ्यांशी घातली होती. परंतु मराठी कुटुंबाला जवळचे झाले ते मुक्तांगणच.

मुक्तांगणमधला मुक्काम पस्तीस दिवसांचा. लेक्सिंग्टनच्या अनुभवाकडे पाहता पस्तीस दिवसांनी काय होणार, असे कुणी विचारील. उत्तर मुक्कामात नाहीच. ते त्यानंतरच्या पाठपुराव्यात आहे. 'फॉलोअप' हा शब्द तिथल्या मंडळींच्या बोलण्यात इतका मुरला आहे की तो आता मराठीच मानावा. गावोगावी भरणाऱ्या बैठका, न आलेल्याची चौकशी, आणि तो पुन्हा घसरला तर दार उघडे. या घसरण्याला ते 'स्लिप' म्हणतात. पाप किंवा अपयश म्हणत नाहीत. शब्द परका असला तरी त्यात निवाडा नाही हे मोठेच. रुग्णाला 'रुग्णमित्र' म्हणतात. जे स्वतः या वाटेने गेले आहेत त्यांतलेच पुढे समुपदेशक होतात, म्हणजे ज्याला कालपर्यंत कुणी घराची किल्ली देत नव्हते त्याच्याकडे आज एका नवख्याची जबाबदारी येते. पत्नींसाठी 'सहचरी' हा वेगळा गट आहे. कारण घरातल्यांचेही काही तरी मोडलेले असते. नवरा सुधारून आला तरी बायको पाकीट चाचपण्याचे थांबवू शकत नाही, आणि त्या चाचपण्याने तो दुखावतो. दोघेही बरोबर असतात. डॉ. सुनंदा अवचट १९९७ मध्ये कर्करोगाने गेल्या, अनिल अवचट जानेवारी २०२२ मध्ये. संस्था चालू आहे, आणि तिच्याकडे येणाऱ्यांत आता गर्दवाल्यांपेक्षा दारूवाले पुष्कळ अधिक असतात.

व्हेलंटच्या चार गोष्टी या रचनेशी ताडून पाहाव्यात: देखरेख, नवी सवय, नवे नाते, गट. पुण्यात हे कुणी अमेरिकेतला प्रबंध समोर ठेवून केले असेल असे आम्हांला वाटत नाही. मुले काय सांगतात ते नीट ऐकल्यावर माणूस तिथेच पोहोचत असावा.

खरे तर मराठी रंगभूमी तिथे आधीच पोहोचली होती. गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'चा उल्लेख दारूबंदीच्या भाषणांत इतका होतो की त्यातली एक साधी गोष्ट झाकली जाते. १९१९ मध्ये रंगमंचावर आलेल्या या नाटकातला सुधाकर मध्यंतरी दारू सोडतो. ती त्याने खरोखरच सोडलेली असते. मग तो कामाच्या शोधात प्रतिष्ठितांच्या दारोदार फिरतो आणि प्रत्येक दारात त्याचा पूर्वीचा लौकिक त्याच्याआधी पोहोचलेला असतो. अपमान गिळून परतलेला माणूस पुन्हा प्याल्याकडे वळतो. समीक्षेने सुधाकराच्या स्वभावदोषाची, त्याच्या अहंकाराची पुष्कळ चर्चा केली. त्याला नोकरी नाकारणाऱ्यांची त्या मानाने कमीच. नाटक शोकान्त होते ते सिंधूच्या त्यागाने टळत नाही, कारण सिंधूकडे निष्ठा आहे, पण नोकरी देण्याची सत्ता नाही.

आता ज्या विषयाला आपल्याकडे सर्वांत कमी जागा मिळते, त्याकडे. हेरॉइन आणि दारू यांत एक भयानक फरक आहे. काही आठवडे हेरॉइन थांबले की शरीराची ते सोसण्याची सवय जाते. तोच माणूस पूर्वीच्याच मात्रेने पुन्हा घेऊ लागला, विशेषतः सुईने, तर श्वास मंदावून मरू शकतो. म्हणजे उपचार यशस्वी झालेला माणूस, घसरला तर, अर्धवट उपचार झालेल्यापेक्षा अधिक धोक्यात असतो. जॉन स्ट्रँग आणि सहकाऱ्यांनी लंडनमध्ये केलेल्या १३७ रुग्णांच्या लहानशा पाहणीत (२००३) अतिसेवनाने झालेले तिन्ही मृत्यू, ज्यांनी रुग्णालयातला मुक्काम पूर्ण केला होता अशांचेच होते. केवळ शरीर साफ करून घरी पाठवणे म्हणूनच निरुपद्रवी नव्हे.

१९६५ मध्ये व्हिन्सेंट डोल आणि मेरी निस्वांडर यांनी न्यूयॉर्कमध्ये दुसरी वाट दाखवली: हेरॉइनऐवजी मेथाडोन, रोज, ठरलेल्या मात्रेत, दीर्घकाळ. पुढे ब्युप्रेनॉर्फिन आले. ही गोळी जिभेखाली ठेवतात. ती टर्की येऊ देत नाही, ओढ शमवते आणि वरून हेरॉइन घेतले तरी त्याचा असर बराचसा रोखते. २००५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने दोन्ही औषधे अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातली. भारतात राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमात २००७ च्या सुमारास ब्युप्रेनॉर्फिनचे उपचार आले आणि २०१२ पासून काही केंद्रांत मेथाडोनही. अनेक देशांतल्या अभ्यासांचा २०१७ मध्ये एकत्र हिशेब झाला, तेव्हा मेथाडोन चालू असताना दर हजार माणसांमागे वर्षाला सुमारे ११ मृत्यू आणि ते थांबल्यावर सुमारे ३६ असे प्रमाण निघाले. हेरॉइनपासून माणसाला दूर, आणि जिवंत, ठेवणाऱ्या गोष्टींत याच्या तोडीचा पुरावा दुसऱ्या कशालाही नाही. ध्यानालाही नाही, पस्तीस दिवसांच्या मुक्कामालाही नाही.

तरीही मराठी मध्यमवर्गाला हे औषध पटत नाही. एक सोडून दुसरे धरले, असे तो म्हणतो. इन्सुलिन घेणाऱ्याला आपण साखरेच्या जागी सुई धरली असे म्हणत नाही. या नापसंतीमागे जुना संन्यासाचा आदर्श आहे: सोडायचे तर निखळ सोडायचे. इगतपुरीची परंपराही त्या आदर्शाच्या जवळची आहे. शिबिरात घ्यायच्या पाच शीलांतले पाचवे नशेपासून अलिप्त राहण्याचे आहे. जिभेखालची गोळी ही नशा की औषध, हा प्रश्न २०१९ च्या सरकारी पाहणीनुसार अफूजन्य पदार्थांमुळे मदतीची गरज असलेल्या सुमारे ७७ लाख भारतीयांपैकी पुष्कळांच्या बाबतीत जगण्यामरण्याचा आहे. आमच्या मते उत्तर स्पष्ट आहे. जे घेतल्याने माणूस गुंगत नाही, सकाळी कामावर जातो, मुलाची फी भरतो आणि चोरी करीत नाही, ते औषध.

धम्मगिरी हे रुग्णालय नाही आणि तसा दावा ती परंपरा करीतही नाही. टर्कीत असलेल्या माणसाला तिथे पाठवू नये. तिथे त्याच्या उलट्या आवरायला कुणी नाही. जो औषधावर स्थिर आहे आणि ज्याला बसायचे आहे त्याने, नियमांप्रमाणे, आपण घेत असलेले औषध अर्जातच आचार्यांना कळवावे, आपल्या डॉक्टरांना विचारावे आणि होकार मिळाला तरच जावे. शिबिरासाठी म्हणून गोळी परस्पर बंद करू नये. नकार मिळाला तर तो ऊ बा खिन यांनी दिलेल्या नकारापेक्षा निराळा असेल, आणि त्याने खचण्याचे कारण नाही. आठवड्याची बैठक, डॉक्टरची भेट, कामावरची हजेरी आणि घरच्यांशी चाललेले अवघडलेले बोलणे ही कामे त्याच्यापुढे तशीही असतातच. शिबिर मिळाले तरी अकराव्या दिवशी सकाळी त्याला मुंबईची गाडी धरायची असते.